तयार डाळ

दारव्ह्याच्या अलीकडे, डाळ मिलच्या मागच्या खोलीत
मी आणि बबिता खोब्रागडे.
थ्री-फेज साडेबाराला येते.
कुणी मोटार लावतं, आम्ही कंपाईल लावतो.

"सोर्स तं फुकटच हाये म्हन्ता,
मंग तुमी इकता काय?" मिलवाले काका.
काहीच नाही, काका. तूरही शेतात असतेच,
पण घरोघरी मिल कुठे?

एकशे बारा फाइली सरळ गेल्या,
मग एक पिवळा इशारा.
थांब, बबिता म्हणते,
कुलपाची लायब्ररी जुनी आहे,
परवाच तिला भोक सापडलं.
पुन्हा पहिल्यापासून.
चहाही संपलेला.

पहाटे झिप चढते,
आठ टक्के, नऊ, परत आठ.
खाली चौसष्ट अक्षरांची ओळ लिहितो,
पोत्याच्या तोंडाची शिवण जशी;
उसवलेली दिसली तर घेऊ नका.

उजाडेपर्यंत सदतीस जणांनी उतरवलं,
त्यातला एक कुठल्याशा बेटावरचा.
तिथल्या विंडोजवर आता एखाद्या दवाखान्याचं पान
कुलपासकट उघडत असेल.

इथे लाईन गेली.
खोलीची कडी तुटून दोन वर्षं झाली.
बबिता तार गुंडाळते,
दोन वेढे, आणि ओढून पाहते.