झीज

शुक्रवारचा बाजार उठताना ती आली,
मोयऱ्याची इनासिन.
हातात बिस्किटांचा निळा डबा,
झाकणाला सुतळीची गाठ.
"शेट, चांदी घेता?"
मला वाटलं, पैंजण असतील.

डबा पालथा केला
आणि काचेवर सांडली अमेरिका.

तिचा रुझार तारवटी होता, बोटीवर.
गोऱ्यांच्या खोल्या आवरायच्या, चादरी ताणायच्या, बूट पुसायचे,
आणि उशीखाली, राखदाणीत, एकदा तर साबणाच्या वडीखाली
ठेवलेलं उचलायचं:
पावल्या, अधेल्या,
दहा सेंटांच्या चिमण्या टिकल्या.

मी चेहरे वाचत बसलो नाही, गरुडही नाहीत.
सालं पाहिली.
चौसष्टपर्यंतची एकीकडे:
दहात नऊ भाग चांदी, तांबं उरलेलं.
मग कमी झिजलेली निवडून
तिला एक गंमत दाखवली.
चार पावल्या तराजूत, पंचवीस ग्रॅम.
दोन अधेल्या, पंचवीस.
दहा टिकल्या, पंचवीसच.
कसाही मोडा, डॉलर तेवढाच भरतो.

पासष्टची पावली चिमटीत उभी धरली.
पदेराच्या पावात पेराद भरावी
तशी कडेला तांबूस रेघ.
काचेवर सोडली: थप्.
जुनी सोडली,
ती बराच वेळ काहीतरी सांगत राहिली.

इनासिन खुर्चीत मागे टेकली.
"त्याचं पत्र आलेलं.
देतात तेवढंच, म्हणे, पण आता खिसा वाजत नाही.
मला वाटलं, पितो
आणि वर ही सबब.
सहा महिने उत्तर धाडलं नाही मी."

मी वजन लिहीत होतो. लिहीतच राहिलो.

एक अधेली मात्र पार गुळगुळीत.
सूर्याकडे चालत निघालेली बाई असते त्यावर,
हिच्यात पाय नाहीत, सूर्यही नाही,
फक्त पदराचा फुगारा, तोही
बोट फिरवलं तरच.
भरली साडेअकरा ग्रॅम.
"ही रोज त्याच्या खिशात असायची," ती म्हणाली,
"काळजी लागली की अंगठ्यानं घासायचा."
"एक ग्रॅमची झीज आहे, बाय. कापावी लागेल."
"कापा. पण ती गेली कुठे?"

माझ्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही.
झारेकरी येतो, धूळ विकत नेतो,
धुऊन, गाळून, तिच्यातून चांदी काढतो.
चांदी कुठे जाते हे मला विचारणारी
ही पहिलीच.
मी पेन्सिलीला टोक काढलं.

भाव सकाळचा लावला. तिनं दोनदा घासाघीस केली,
मोतीबिंदूचा खर्च सांगितला, डाव्या डोळ्याचा,
मी शंभर वाढवले,
ती म्हणाली, उजव्याचं काय?
आणखी शंभर.

पासष्टच्या आणि नंतरच्या मी बाजूला सारल्या होत्या.
"ह्यांना चांदीचं मोल नाही."
"ठाऊक आहे," म्हणाली,
आणि एकेक करून त्याच तेवढ्या
परत डब्यात भरल्या.
झाकण लावून डबा कानाशी हलवला.
वाजला,
त्यानं लिहिलं होतं तसाच.

बाकी सगळी त्याच आठवड्यात मुशीत गेली.
गुळगुळीत अधेली गल्ल्यात आहे.
वहीत तिच्यापुढे काय लिहावं सुचेना,
म्हणून 'झीज' लिहिलंय.
गिऱ्हाईक नसलं की मीही
अंगठा फिरवतो.