चमचा तिरका करून

निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीमागं
चौदा म्हातारी माणसं, आणि मिक्सर एकच.
सकाळी भिंतीवरचा तक्ता वाचते:
पातळ. दाट. मऊ.
एका नावापुढं नुसतीच रेघ,
त्या नळीवर आहेत.

बेळगावच्या बाई शिकवून गेल्या:
घास चमच्यात घ्यायचा, चमचा तिरका करायचा.
एकसंध, हळूच घसरला पाहिजे.
ओघळला तर ठसका.
चिकटून बसला तर त्याहून वाईट.

पोहे बंद. चुरमुऱ्यांचं नावच काढायचं नाही.
फोडणीतला कढीपत्ता मी
माशाच्या काट्यासारखा वेचते.
ताकभात किती साधा वाटायचा मला!
पण शितं एकीकडं, ताक एकीकडं,
आणि थकलेल्या गळ्याला
दोन निरोप एकदम कळत नाहीत.

मुजावर चाचांना मटण, वाटून, रश्श्यात घोटून;
वास आला की ते डोळे मिटतात.
गंगव्वाला ज्वारीची आंबील, गाळलेली.
तिची बोटं अजून चादरीच्या काठावर
विड्या वळत असतात.

दिवसा ती 'पाणी' म्हणते, रात्री 'नीरु'.
पाणीच तर सगळ्यात अवघड.
डब्यातली पावडर घालून मी ते घट्ट करते,
हनुवटी खाली घ्यायला लावते, चमच्यानं भरवते.
ती गिळते, आणि माझ्याकडं बघते:
हे पाणी नव्हे. हे नीरुही नव्हे.

रताळं सगळ्यांना सोसतं, लोण्यासारखं उतरतं.
पण तवनाप्पा चौगुले कंद खात नाहीत.
जमिनीखालचं नको, दिवस बुडाल्यावरचं नको.
अर्धं अंग गेलं, वाचा गेली,
नेम नाही गेला.
त्यांना मूगडाळ, दुधी, वरून तूप,
आणि घड्याळाकडं नाही, खिडकीकडं बघून वाढायचं.

काल साडेचारला लाईट गेली.
डाळ पुरणयंत्रातून काढली, मग गाळणीतून,
मनगट भरून आलं.
वाटी घेऊन धावले तेव्हा त्यांनी ओठ मिटलेले.
मी बोट केलं:
वखारीच्या पत्र्यावर बोटभर ऊन होतं अजून.

बघितलं त्यांनी. मग माझ्याकडं. मग आ केला.
कंठ वर गेला, थांबला,
खाली आला.
घाई करता येत नाही यात,
सूर्यासाठीसुद्धा.

पाच चमचे गेले.
सहाव्याला पत्रा नुसताच पत्रा होता.