कै.

रात्री साडेदहाला शो संपतो.
अकराच्या आत माझं लिहून व्हायला हवं,
नाहीतर इंदूरचा एक पोरगा आधी लिहितो
आणि सगळी माणसं त्याच्याकडे वळतात.
हजार जणांनी वाचलं तर साठ रुपये, कधी पन्नास.
शंभर डॉलर साठल्याशिवाय बँकेत काही येत नाही.
आलं तर एकवीस तारखेला येतं.
घरमालक पाच तारखेला येतो.

धायरीत राहते. खिडकीसमोर गॅरेज.
पूर्वी सदाशिव पेठेत गाइडांची प्रुफं तपासायचे,
ऱ्हस्वदीर्घाचे पानाला चार रुपये.
छापखान्याच्या जागी आता चपलांचं दुकान आहे.
हल्ली मी स्पर्धकांची उंची लिहिते, रास लिहिते,
आधीचा मित्र, आत्ताचा मित्र,
एकूण संपत्ती अंदाजे.
अंदाजे या शब्दावर माझा गॅस चालतो.

प्रणोती खळदकर, सासवड, वय तेवीस.
पेट्रोल पंपावर एका गाडीवाल्याला झापताना
कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला, तेवढ्यावर निवड झाली.
तिच्याबद्दल दुसरं काही मिळेना.
'वडील' पुढची जागा मोकळी,
आणि मोकळी जागा मला सोसत नाही, जुनी खोड.
परवाच्या भागात अप्पांच्या नावानं रडली होती ना?
मी टाकलं: कै. निवृत्ती खळदकर.
एक अक्षर, एक टिंब.

त्या रात्री एकतीस हजार.
लोकांना गेलेला बाप आवडतो.
मी टेबलफॅन घेतला, रोख.

चौथ्या दिवशी फोन.
'निवृत्ती खळदकर बोलतोय, रिटायर कंडक्टर.
तुमच्यात मी वारलोय.'
मागे कुकरची शिट्टी.
चुकून झालं, म्हटलं, लगेच काढते.
'काढा सावकाश. दोन पाहुणे येऊन गेले,
मीच चहा दिला त्यांना.
दुसरं विचारायचं होतं.
आत फोन नेऊ देत नाहीत, सदतीस दिवस झाले.
तुम्हाला आतलं सगळं ठाऊक असतं.
ती जेवते का?'

मला आतलं काही ठाऊक नसतं.
म्हटलं, बघून सांगते.

सदतीस भाग, आवाज बंद.
भांडणं पुढे ढकलली, रडणं पुढे ढकललं,
एरवी ज्यावर माझं पोट, ते सगळं ढकलत
फक्त तिचं ताट शोधलं.
जेवणाऱ्या माणसाकडे कॅमेरा बघत नाही.
बाराव्या भागात ताट तसंच पडलेलं.
विसाव्यात दुसऱ्यांना वाढताना.
एकतिसाव्यात दोघं पुढे एकमेकांची लाज काढतायत
आणि मागे, ओट्याला टेकून, धूसर,
ती बुक्कीनं कांदा फोडते,
भाकरी मोडते,
खाते.
चौदा सेकंद.

पहाटे चारला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.
'जेवते. भाकरी. कांदा बुक्कीनं फोडला.'
बराच वेळ काहीच नाही.
मग, 'बुक्कीनं ना? मग बरी आहे.'

कै. काढून श्री. केलं.
दुरुस्ती वाचायला सव्वीस जण आले,
त्यातली चार मीच.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं.
पण तीन तारीख होती.
मथळा दिला: प्रणोती आत काय खाते?
ज्वारीची भाकरी आणि कांदा, लिहिलं.
चौदा हजार.

दुपारी पुन्हा तोच नंबर. मी उभी राहिले, का कोण जाणे.
'वाचलं. छान लिहिलंत.
फक्त ती भाकरी बाजरीची आहे.
कशी मोडली बघा ना,
ज्वारीची अशी तुटत नाही.'

दुरुस्त करते, म्हटलं.