राज्य कुणावर

कॉम्प्युटर एक, खेळणारे दोघे,
म्हणून नियम असा:
एकाचा डाव चालू असताना दुसऱ्यानं बाहेर जायचं.
सिद्राय बाहेर बसलाय, कडोलीच्या तिठ्यावर,
माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर,
कागदाच्या पुडीतले चिरमुरे खात.

आत एकोणीसशे पंचेचाळीस. इटली.
गांधिलमाशीच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरांची जमीन.
चिखलातून जायला दोन गुण,
नदी ओलांडायला हातातले सगळे.
आमची पलटण म्हणजे एक खाकी सोंगटी,
कोपऱ्यात आकडा: दहा.
मार बसला की सात. मग चार.
बटण दाबलं की पुन्हा दहा.

हे वरचे सहा कुठून येतात
ते गेममध्ये लिहिलेलं नाही.
मला ठाऊक आहे.
रताळ्याच्या वेलांतून उठून येतात,
कडोलीहून, बेळगुंदीहून, पायी कॅम्पापर्यंत,
तिथं छाती मोजतात,
फुगवून धरलेला श्वास
बोटीत बसल्यावर सोडतात.

भरमाणी मोनाप्पा पाटील.
आजोबांचा थोरला भाऊ.
त्याचं घरात उरलंय ते असं:
सुई-दोऱ्याच्या डब्यात एक मेडल.
"उजवा बूट लागतो, बाकी खुशाल" एवढंच लिहिलेलं कार्ड.
आणि एका नदीचं नाव, जे आम्ही सगळे
सिनू, सिनू म्हणायचो,
शेजारचा कुणी पोरगा असावा तसं.

तार इंग्रजीत आली होती.
वाचणारा मास्तर त्या दिवशी बेळगावला गेलेला.
तो परत आला, तरी गंगव्वानं ती त्याला दाखवली नाही.
कुंकू लावत राहिली,
एकोणचाळीस वर्षं.

आत्ता स्क्रीनवर, बारीक निळ्या अक्षरांत:
सेनिओ.
सोंगटी काठावर. आकडा दहा.

"आयतेनो?" सिद्राय ओरडतो.
"तडी रे," मी म्हणतो, त्याच्याच भाषेत.

याच तिठ्यावर लपाछपी खेळताना
आम्ही दोघं गळा काढायचो: राज्य कुणावर? राज्य कुणावर?
कट्ट्यावरची म्हातारी माणसं पोट धरून हसायची,
आम्हाला कळायचं नाही का.
आता कळतं.
दिल्लीत तारीख पडते, आणखी एक पडते,
आणि सगळं गाव भिंतीकडे तोंड करून
शंभरपर्यंत मोजत उभं.

मी सोंगटी हलवत नाही.
डाव संपवतो.

सिद्राय आत येतो, बघतो, वैतागतो:
"पूल मोकळा होता की रे! झोपलास काय?"
मी काही सांगत नाही. त्याचाही कुणी असेल तिथं,
त्यानं कधी सांगितलं नाही,
मी कधी विचारलं नाही.

आता मी पायरीवर.
सांडलेले चिरमुरे मुंग्या ओढून नेतायत,
एकेका दाण्याला सहा-सात जणी.
बेळगावची बस थांबते, जाते.
आतून तोफेचा आवाज येतो, बारका, स्पीकर फाटलेला.

आकडा किती झाला
मी विचारत नाही.