एक्केचाळीस अंश

वाघोडिया रोड सोडल्यावर, युसुफभाई व्होरांच्या शेडमागे
ती उकिरडा उकरत होती.
मानेची पिसं गेलेली, एका डोळ्यात फूल.
त्या आठवड्यात शेडमधली सहाशे पिल्लं
पांढऱ्या हगवणीनं गेली,
हिला काही झालं नाही.
"ए तो रखडेल छे, शर्मिष्ठाबेन," युसुफभाई म्हणाले,
जणू तिच्या वतीनं माफी मागत.

मी तिची विष्ठा बाटलीत घेतली.
बडोद्यापर्यंत बसमध्ये बाटली मांडीवर,
जेवणाचा डबा पायाशी.

इन्क्युबेटर माणसाच्या सदतीसवर होता,
मी एक्केचाळीसवर नेला.
कोणाला ताप आलाय का, कर्णिक सरांनी विचारलं.
ताप नाही सर,
कोंबडी एवढीच असते.

तिसऱ्या दिवशी प्लेटभर रोगाचा पिवळट गालिचा,
काठापासून काठापर्यंत,
आणि मधोमध एक ठिपका.
ठिपक्याभोवती गोल, स्वच्छ,
सडा घालून ठेवल्यासारखी जागा.
ट्यूबलाइटसमोर धरून पट्टीनं मोजली:
चौदा मिलिमीटर.
पुन्हा मोजली.

निळ्या पाकिटातली पावडर पोटात शिरते
जप्तीच्या माणसांसारखी,
सगळ्यांचीच भांडी रस्त्यावर.
हा ठिपका आळीतल्यांना नावानिशी ओळखत असावा,
एकालाच दार दाखवतो.

यंत्रात उबलेलं पिल्लू आईच्या पायांत कधी उकरत नाही.
खोक्यातून येतं, शंभराच्या हिशेबात,
पोट कोरं.
कालचं काहीच कुणी त्यात ठेवलेलं नसतं.
विरजण न लावलेलं दूध
बाहेर राहिलं तर काय होतं,
ते कारेलीबागेतल्या मे महिन्यात
मला वेगळं शिकावं लागलं नाही.

मग आम्ही ते खाद्यात घातलं.
गोळ्या पाडताना ऐंशी अंशांची वाफ:
कडं नऊवर आलं, मग चारवर,
मग पट्टी ठेवायला जागाच उरली नाही.
मराठीत विरजण पडतं ते उत्साहावर.
पडलं.

रात्री दूध कोमट करून
बोट बुडवून पाहिलं,
चमचाभर कालचं दही फिरवलं, झाकण ठेवलं,
आणि तिथंच ओट्याशी उभी राहिले.
आपण उकळत्या दुधाला कधी विरजण लावतो का?

गुरुवारी नवी पिल्लं आली.
"पचास उपर करी जुओ," युसुफभाई म्हणाले,
एका कोपऱ्यात पत्रा आडवा लावून दिला.
पहिलं पाणी गार, त्यात आमचं बाटलीभर गढूळ.
ओळखू यावीत म्हणून पन्नासांच्या नखांना
माझं लाल नेलपॉलिश.
वाळेपर्यंत एकेक पाय धरून बसले,
काडीएवढा पाय, आणि हाताला चटका बसेल
इतका गरम.

आज पाचवा दिवस.
सकाळपासून फोन नाही.
मेलेल्यांची खबर द्यायचीच असली
तर युसुफभाई फोन करतात.