प्रश्न तिसरा, सोळा गुण

फैजपूर, मे महिना. केंद्रीय मूल्यमापन.
कूलरमधलं पाणी अकरालाच संपलं,
वाळ्याला आता नुसता धुळीचा वास.
माझ्या गठ्ठ्यात चाळीस उत्तरपत्रिका,
प्रश्न तिसरा, सोळा गुण:
'राष्ट्राराष्ट्रांत संघर्ष का होतो?
अभ्यासकांच्या मतांच्या आधारे चर्चा करा.'

अभ्यासकांची मतं मला तोंडपाठ आहेत,
बावीस वर्षं अमळनेरला शिकवतेय.
भीती, हाव, प्रतिष्ठा.
वर कुणी पोलीसपाटील नसलेलं जग.
एकाने कुंपण उंच केलं की दुसऱ्याची झोप जाते,
मग त्याचं कुंपण, मग याची झोप.
फळ्यावर दोन चौकोन, मधे उलटसुलट बाण,
आणि पदराला पुसलेला खडू.
याला आम्ही म्हणतो सुरक्षेची कोंडी.
माझ्या प्रबंधात तिच्यावर ऐंशी पानं आहेत,
आदर्श उत्तरात तिला चार गुण.

एकोणतीस पोरांनी एकच गाईड उतरवलंय.
छापणाऱ्याच्या चुकीसकट
सगळ्यांची शांतता 'प्रस्तापित' होते.
दहा, नऊ, दहा, अकरा,
लाल पेन आपोआप चाललंय.

तिसावी. नाव नसतंच, नुसता आसन क्रमांक.

"अभ्यासक काय म्हणतात ते आठवत नाही.
मी सावद्याला केळीच्या पॅकहाऊसवर रात्रपाळी करतो.
आमचे दोन कंटेनर फेब्रुवारीत निघाले.
फण्या तुरटीच्या पाण्यातून काढल्या, पुसल्या,
तेरा अंशांवर बंद केल्या.
जहाज वाटेत थांबलं. पुढे लढाई होती.
कोणाची कोणाशी, ते शेठला पण माहीत नव्हतं,
मले तर"

इथे 'मले' खोडून 'मला' केलंय,
पुढच्या ओळीत परत मले.

"मले त्या देशांची नावं टीव्हीवर ऐकून पाठ झाली.
गारवा गेला की काय होतं ते सांगतो.
सगळी केळी हिरवी असतात, कोणाचं कोणाशी वैर नसतं.
एक केळं आधी पिकतं.
त्याचा वायू सुटतो. दिसत नाही, वास येत नाही.
दाराला बाहेरून कडी.
शेजारची फणी पिकते, तिचाही वायू सुटतो,
मग पेटी, मग पंधराशे पेट्या.
कोणी कोणाला पिकवायला निघालेलं नसतं.
बेचाळिसाव्या दिवशी दार उघडलं तेव्हा"

पुढे एक ओळ कोरी.

"म्हणून पहिल्या केळ्याला शिव्या देऊन उपयोग नाही.
त्याला वेळेवर बाहेर काढायला
रात्री जागा असलेला कोणीतरी पाहिजे.
तो मजूर असला तरी चालेल."

मी पेन खाली ठेवलं.
ऐंशी पानांत मी कडीबद्दल एक शब्द लिहिला नव्हता.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली.
समासात लिहिलं: 'आणि कार्बाईड?'
कारण काही जण पिकवायलाच निघतात, बाळा,
पुड्या बांधून, तारीख ठरवून,
बाजारभाव बघून.
तेव्हा रात्री जागणाऱ्याने काय करायचं?
उत्तरपत्रिका मागे जात नाही,
माझा प्रश्न त्याला कधीच मिळणार नाही.
मी तो खोडला. मग वाटलं, राहू द्यायला हवा होता.

मॉडरेटर तुळशीराम फालक सर चष्मा वर सरकवून म्हणाले,
"विचारवंत एकही नाही, मॅडम. नियमाने चार."
मी म्हटलं, चौदा.
ते आपल्या नियमावलीमागे सरकले,
मी माझ्या बावीस वर्षांमागे.
मधे शिपाई चहा ठेवून गेला.
सरांचा पुतण्या केळीच्या व्यापारात बुडालाय,
हे दुसऱ्या कपाला कळलं.
तह नऊवर झाला. दोघांनी सह्या केल्या.
दोघेही नाराज.
माझ्या प्रबंधाप्रमाणे हे टिकाऊ तहाचं लक्षण आहे.

संध्याकाळची अमळनेर गाडी.
उजवीकडे सातपुडा, धुरकट, लांब.
यावलच्या अलीकडे रस्त्याकडेला
एक पांढरा कंटेनर उभा होता,
त्याचं गारव्याचं यंत्र गुरगुरत होतं.
ड्रायव्हर खाली बसून भाकरी खात होता.
मी मान वळवून
मागच्या दाराची कडी बघत राहिले,
वळण येईपर्यंत.