ऐरण

तिसरी पीन मोडली तेव्हा
मी दांडा सोडून दिला आणि अन्वरला चहा सांगितला.

क्लबात चारशे रिकाम्या पुंगळ्या आल्यात,
गोणपाटाच्या पिशवीत, कुठल्या देशाच्या कोण जाणे.
बुडावर एक त्रिकोण,
एक मोडक्या खुर्चीसारखं अक्षर,
आणि साल असावं, चौऱ्याहत्तर.
क्षेमकल्याणी साहेब म्हणाले, "भरून ठेवा थेटे, जानेवारीत स्पर्धा आहे."
जसे काही पाण्याचे हंडेच.

सत्तावीस वर्षं देवळालीत हत्यारं खोलली मी,
खोलली तशी जोडलीही, कागदोपत्री.
नेहमीच्या पुंगळीला मधोमध एक भोक असतं.
पीन सरळ खाली जाते,
जुनी टोपी टिच् करून ताटलीत पडते.
हिला दोन भोकं,
डासाच्या डोळ्यांएवढी,
आणि दोघांच्या मध्ये एक उंचवटा.
पीन त्याच्यावर आपटते आणि मोडते.
पुंगळीला काही म्हणजे काही होत नाही.

पाणी भरून पाहिलं.
तोंडात घट्ट बसेल अशी सळई, वरून लाकडी हातोडा.
एखादी टोपी निघते.
एरवी सगळं पाणी माझ्या चष्म्यावर.
अन्वर तोंड फिरवून हसतो.
हसू दे, त्याला पगार तरी कुठे आहे हसण्याएवढा.

निघाली तरी नवी टोपी बसत नाही.
घर केसभर मोठं आहे.
केसभर म्हणजे किती, हे सुनेला सांगून पटत नाही.
टोपीला सांगावं लागत नाही.
वर दहांतल्या चारांच्या माना चिरलेल्या.

रविवारी वहीत लिहिलं: नमुना, नग अकरा.
खिशात खुळखुळत तांबट लेनमध्ये गेलो.
इंदूताई पोटफोडे.
आडनाव असं, आणि जन्म गेला भांड्यांची पोटं सांधण्यात.
नवरा गेल्यापासून भाता त्याच ओढतात.
ठोक्यांनी कान गेलेत, म्हणून सगळ्या गल्लीशी ओरडून बोलतात.
"ताव कमी दिलाय हिला! मान कडक राहिली!"
त्यांनी एक चिमट्यात धरून आगीवर फिरवली,
लाल होऊ दिली नाही,
रंग पालटला तशी पाण्यात.
"हे पितळच दुसरं. आमच्या हातोडीला ओळख देत नाही."

मग न विचारता करवत घेतली
आणि दुसरी एक उभी चिरली.
दोन्ही अर्धुकं तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.
"अहो, हिच्या बुडात ऐरण आहे."
आहे, मी म्हटलं. बाकीच्यांची टोपीत असते,
हिची अंगातच.
"आमचे दीर वेगळे झाले ते ऐरणीवरून," त्या म्हणाल्या.
आणि पहिल्यांदाच, हळू आवाजात:
"ही बघा. कुणाकडे मागायला नको."

सोमवारी साहेबांना लिहून दिलं:
नग चारशे, भरण्यास अयोग्य, भंगारात काढावेत.
त्यांनी मोजायला लावलं.
तीनशे नव्व्याण्णव, अधिक अर्धी.

उरलेल्या अर्धीत इंदूताई टाकणखार ठेवतात,
चिमूटभर मावतो.
वहीत त्या अर्धीपुढे काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.
पेन उघडंच आहे.